कोडेकचे पैसे कोणी भरायचे?

मुक्त सॉफ्टवेअर म्हटलं की आपल्याकडे त्याचा अर्थ ‘फुकट’ असा लावला जातो. मग घरी आणलेल्या स्वस्त यंत्रावर व्हिडिओ चालला नाही की खापर फुटतं लिनक्सच्या डोक्यावर. मला हा न्याय पटत नाही.

लिनक्स खुलं आहे. पण व्हिडिओ दाबून लहान करण्याची आणि पुन्हा उलगडण्याची रीत, म्हणजे कोडेक, अनेकदा पेटंटखाली असते. पेटंट लागू असेल तिथे प्रोग्रॅम कोणीही लिहिलेला असो, पैसे मागितले जातात. जो प्रोग्रॅम फुकट वाटायचा, त्याच्या प्रत्येक प्रतीमागे शुल्क भरायचं कुठून? खरी गाठ इथे आहे.

ही गाठ सोडवण्याचे दोन प्रयत्न मला महत्त्वाचे वाटतात. रास्पबेरी पाय हा ३५ डॉलरचा संगणक २०१२ साली आला. एच.२६४ चा परवाना त्याच्या किमतीतच होता. डीव्हीडीला लागणाऱ्या एमपेग-२ साठी मात्र कर सोडून २.४० पौंडांची वेगळी चावी विकत घ्यावी लागे. ज्याला गरज त्याने भरावं, बाकीच्यांवर बोजा नको, हा व्यवहार सरळ होता. खोट एकच: चावी त्या बोर्डाच्या अनुक्रमांकाशी बांधलेली. बोर्ड जळाला की चावीही गेली.

दुसरा प्रयत्न सिस्कोचा. २०१३ मध्ये या कंपनीने ओपनएच२६४ खुलं करून परवान्याचं शुल्क स्वतः भरायचं जाहीर केलं. फायरफॉक्सला त्याचा लाभ झाला. पण ही सवलत सिस्कोने बनवून दिलेल्या तयार फाइलपुरतीच. तोच कोड तुम्ही स्वतः बांधलात, तर पेटंटची जबाबदारी तुमची. म्हणजे कोड खुला, पण मोकळीक उसनी.

तरीही पेटंट कधीतरी संपतं. एमपी३ चा परवाना कार्यक्रम २०१७ मध्ये बंद झाला आणि तो प्रश्नच मिटला. डिजिटल कुलपाचं तसं नाही. वाइडवाइनची वरची पातळी यंत्राच्या चिपमधली सुरक्षा मागते. त्यामुळे पूर्ण वर्गणी भरूनही साध्या लिनक्स संगणकावर नेटफ्लिक्सचं फोर-के चित्र दिसत नाही. इथे पैसे भरायची तयारी असूनही दार बंदच. पेटंटपेक्षा मला याची काळजी जास्त वाटते.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. कोणते कोडेक चालतील हे खोक्यावर छापा. घेतलेला परवाना ग्राहकाचा असू द्या, बोर्डाचा नको. आणि जनतेच्या पैशातून बनलेले शाळांचे धडे एव्ही१ सारख्या, २०१८ मध्ये शुल्कमुक्त वापरासाठीच आणलेल्या पद्धतीतही उपलब्ध करा. ज्या पोराच्या घरी फक्त जुना लिनक्स संगणक आहे, त्याचा धडा परवान्यापायी अडू नये.