डाव सोडायची घाई करू नका

वजीर गेला की आपल्यातले निम्मे लोक लगेच हात पुढे करून मोकळे होतात. तसं करू नका, एवढंच सांगायचंय.

मागे एका शाळेच्या सभागृहातल्या स्पर्धेत माझ्याकडे नुसता राजा उरला होता, समोर राजा आणि वजीर. सोडणारच होतो, पण बाहेर धो धो पाऊस, जायचं कुठे? म्हणून खेळत राहिलो. समोरच्याला चहाची तल्लफ आलेली. माझा राजा ए८ च्या कोपऱ्यात. त्याने वजीर सी७ वर ठेवला, जोरात 'शह' म्हणाला आणि घड्याळ दाबलं. शह नव्हताच, आणि मला चालायला एकही घर नव्हतं. पंचांनी वाकून पाहिलं आणि अर्धा-अर्धा गुण लिहिला.

मोठ्यांचंही फार वेगळं नसतं. २०२५ मध्ये बाटुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत कोनेरू हंपीशी तिचे दोन्ही संथ डाव बरोबरीत सुटले, पहिला जलद डावही. निकाल लागला तो दुसऱ्या जलद डावात, घड्याळ संपत आल्यावर झालेल्या चुकांतून.

आपण तर चुका घड्याळात वेळ शिल्लक असताना करतो. संथ डावाला बहुधा ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद मिळतात. प्रवेश फी भरून घेतलेली ही वेळ आपण निम्मी न वापरताच उठतो. चाल सुचली तरी हात मांडीवर ठेवा. मोहऱ्याला मुद्दाम हात लावला की तेच खेळावं लागतं. नुसतं नीट ठेवायचं असेल तर आपली पाळी असताना, हात लावण्याआधी 'अ‍ॅडजस्ट' म्हणा. नंतर म्हटलेलं चालत नाही. चाल आधी पटावर, मग कागदावर. जुन्या मंडळींना उलटी सवय आहे, ती आता नियमात बसत नाही. फोन बंद करून पिशवीत टाका. वाजला तर डाव गेलाच समजा.

आणि डाव संपल्यावर समोरच्याला विचारा, 'बसायचं का जरा?' त्या पावसातल्या डावानंतर आम्ही दोघं व्हरांड्यात पट मांडून बसलो. रागावलेला होता, पण बसला. बाराव्या चालीवर थांबून म्हणाला, "अहो, तुमचा घोडा इथे फुकट होता." तो मलाही दिसला नव्हता, त्यालाही.