‘घरचाच कुत्रा आहे!’

“डॉक्टर, घरचंच पिल्लू आहे, नुसता दात लागलाय,” असे सांगत जखमेत हळद भरलेले पोर घेऊन पालक येतात, तेही चार दिवसांनी. पिल्लाला लस टोचली का, असे विचारले की गप्प! रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की आम्हा डॉक्टरांच्या हाती काही उरत नाही.

म्हणून दात वा नख लागताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटातली १४ इंजेक्शने केव्हाच बंद झाली. आता दंडात मोजकीच घ्यावी लागतात.

पिल्लू तीन महिन्यांचे होताच जनावरांच्या दवाखान्यात नेऊन लस द्यावी, पुढे दरवर्षी. एवढे ज्याला जमत नाही त्याने कुत्रा पाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.