लहान बँकांना मिळालेली सवलत

३१ जुलै २०२४ रोजी देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे यूपीआयसारखे किरकोळ व्यवहार थांबले. एनपीसीआयच्या निवेदनात नाव होते सी-एज टेक्नॉलॉजीजचे. टीसीएस आणि स्टेट बँकेच्या भागीदारीतली ही कंपनी सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना संगणक यंत्रणा पुरवते. तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याची शंका आल्याने तिला देयक जाळ्यापासून तात्पुरते तोडले, एवढेच निवेदनातून कळत होते. बँकांची नावे नव्हती. चांदवड बाजार समितीत कांदा विकून खतवाल्याचे बिल मोबाइलवरून भागवू पाहणाऱ्याने काय ओळखायचे? त्याच्या पासबुकावर बँक, शाखा, आयएफएससी सगळे छापलेले असते. सी-एज हे नाव त्यात नसते.

दुसऱ्या दिवशी व्यवहार सुरू झाले. देशाच्या एकूण देयक उलाढालीत या बँकांचा वाटा जेमतेम अर्धा टक्का, असा दिलासाही बातम्यांतून मिळाला. ज्याचे एकुलते एक खाते त्यातल्या एका बँकेत आहे, त्याला या अर्ध्या टक्क्याचे कौतुक काय!

बंगळुरूच्या क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीने मग माग काढला. तिच्या निष्कर्षानुसार हल्लेखोर सी-एजच्या दारातून आलेच नव्हते. सी-एजबरोबर काम करणाऱ्या ब्रॉन्टू टेक्नॉलॉजी सोल्यूशन्स या कंपनीचा जेनकिन्स सर्व्हर नीट बंदोबस्त न करता ठेवलेला होता, तिथून ते शिरले. जेनकिन्स म्हणजे प्रोग्रामरनी लिहिलेला कोड गोळा करून, तपासून, चालू यंत्रणेवर आपोआप चढवणारा सर्व्हर. फुकट मिळतो, जगभर वापरला जातो. कोड जिथे जिथे चढवायचा तिथले पासवर्ड आणि टोकन त्याच्यापाशी असावेच लागतात, त्यामुळे तो हाती लागला की किल्ल्यांचा जुडगाच हाती लागतो.

ज्या त्रुटीतून ते शिरले, ती तशी किरकोळ दिसणारी. जेनकिन्सला आदेश देताना @ या चिन्हापुढे एखाद्या फाइलचा पत्ता लिहिला, की आतली एक लायब्ररी इमानेइतबारे त्या जागी फाइलमधला मजकूर आणून ठेवत असे. ही सोय म्हणून केलेली करामत. पण तिच्यामुळे लॉगिन न करताही सर्व्हरवरच्या फाइलींच्या पहिल्या काही ओळी बाहेरच्याला वाचता येत, आणि वाचण्यापुरता परवाना असेल तर अख्खी फाइल. जेनकिन्सवाल्यांनी २४ जानेवारी २०२४ रोजी ही त्रुटी जाहीर केली आणि त्याच दिवशी दुरुस्त आवृत्तीही दिली. हल्ला जुलैअखेरचा. मधले सहा महिने औषध बाजारात होते आणि ते फुकट होते.

ही झाली मूळ जेनकिन्सची गोष्ट. प्लगइनची तऱ्हा याहून बिकट. जेनकिन्सला प्लगइन, म्हणजे जादा सोयी देणारे छोटे प्रोग्राम, हजारोंच्या संख्येत जोडता येतात. बरीचशी कोणीतरी हौसेने किंवा स्वतःच्या गरजेपुरती लिहिली, पुढे नोकरी बदलली आणि विसरून गेला. अशा पोरक्या प्लगइनांवर ‘दत्तक घ्या’ अशी पाटी लागते. ३० जून २०२२ च्या एकाच सूचनेत २९ प्लगइनांमधल्या ३४ त्रुटी होत्या आणि त्यातल्या बहुतेकींवर त्या दिवशी उपायच नव्हता. अशा सूचनांत एक तक्रार वर्षानुवर्षे येते: अमुक प्लगइन पासवर्ड किंवा टोकन सर्व्हरवरच्या कॉन्फिग फाइलीत उघडे लिहून ठेवते. आता वरची @ ची करामत आणि ही उघडी फाइल एकत्र ठेवून पाहा. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बायोडेटात ‘जेनकिन्स’ लिहून पोरे पुण्याला जातात. त्यांना प्लगइन बसवायला शिकवले जाते. काढायला कोण शिकवतो?

मग अडकलेल्या व्यवहाराचा जाब विचारायचा कोणाला? चांदवडला आंदोलन नवे नाही. कांद्याच्या निर्यातबंदीविरुद्ध ११ डिसेंबर २०२३ रोजी शरद पवारांसह शेतकरी इथल्याच मुंबई-आग्रा महामार्गावर बसले होते. तेव्हा निदान जाब कोणाला विचारायचा हे ठाऊक होते. इथे बँक बोट दाखवणार सी-एजकडे, सी-एज पुढच्या कंपनीकडे, आणि ती परदेशातल्या कुठल्याशा टोळीकडे.

ही साखळी रिझर्व्ह बँकेला दिसत नव्हती असे नाही. संगणक सेवा बाहेरून घेण्याबाबतचे तिचे निर्देश एप्रिल २०२३ चे, १ ऑक्टोबरपासून लागू झालेले. पुरवठादाराची आणि त्याच्या उपकंत्राटदाराची जबाबदारी शेवटी बँकेवरच, असा त्यांचा गाभा. त्यातून पहिल्या दोन श्रेणींच्या, म्हणजे साधारण १,००० कोटींपर्यंत ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँका मात्र वगळल्या. हेतू चांगला असेल. छोट्या बँकेवर कागदपत्रांचा बोजा नको. पण स्वतःचा तज्ज्ञ नसलेली आणि सगळे पुरवठादाराच्या भरवशावर सोडणारी बँक असते ती हीच. प्रश्न विचारण्याची सक्ती जिला सर्वात उपयोगी, तिलाच सवलत.

तेव्हा सभासदांनीच विचारावे. सहकारी बँकांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. लाभांशावर आणि भेटवस्तूवर खडाजंगी होते, आभाराचा ठराव होतो. त्याआधी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ असतात. तिथे उभे राहून विचारायला तीनच प्रश्न पुरेत: आपली यंत्रणा कोण चालवते, त्यांचे काम पुढे कोणाकडे आहे, आणि तिथल्या सर्व्हरवर शेवटचा पॅच कोणत्या तारखेला चढला. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.