गॅलरी उघडते कुणाच्या वेळेत?

तिकीट नाही म्हणजे चित्रं सगळ्यांची झाली, ही शुद्ध बनवाबनवी आहे. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून काळा घोड्याला उभी आहे. आत जायला पैसे पडत नाहीत, कबूल. पण ती उघडते अकराला आणि मिटते सातला. तेवढ्या वेळात मी गोदीत पोलादाची कॉईल उतरवत असतो. दुसऱ्या एका गॅलरीत (नाव सोडा) सुट्टीच्या दिवशी गेलो, तर दारवान म्हणाला, "डिलिव्हरी मागच्या दारानं." तोही बिचारा आपल्यासारखाच, बारा तासांचा नोकर. मी पुढच्याच दारानं गेलो. आत चित्राखालच्या पाट्या इंग्रजीत, त्याही असल्या की मॅट्रिकचं इंग्रजी पार आडवं पडावं.

२०१७ साली कलाच गोदीत आली होती. ससून डॉक, १८७५ चा, मासळीचा. तिथल्या जुन्या गोदामांत चित्रं, भिंतींवर गोदीतल्याच माणसांचे हे मोठाले चेहरे. फुकट. चांगलं झालं, उगाच कशाला नावं ठेवू? कोळंबी सोलणाऱ्या बाईला तिथं कुणी मागचं दार दाखवू शकत नव्हतं. पण दोनेक महिन्यांत खेळ उठला. अन् भिंतीवर काय लागणार हे ठरवायला आपल्यातलं कोण बसलं होतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

काही शहाणे म्हणतात, वस्तीला आधुनिक चित्र कळत नाही. साला, दाखवलंय कधी? नागपूरच्या सवी सावरकरांच्या चित्रातला गळ्यात मडकं अडकवलेला ओबडधोबड माणूस माझ्या आज्जीपुढं ठेवा. ती शाळेत गेली नाही. तरी ते मडकं कशाचं, हे तिला समीक्षकानं सांगावं लागणार नाही. बाकीच्या चित्रांवर ती भांडेल, नाक मुरडेल. मुरडू द्या की! नाक मुरडायचा हक्क काय फक्त मलबार हिलचा?

६ डिसेंबरला दादरला लाखो माणसं येतात, भाकरी बांधून येतात अन् पुस्तकं, तसबिरी विकत घेऊन जातात. त्या मैदानात आजची चित्रं, शिल्पं मांडा. पाट्या मराठीत, हिंदीत लावा. निवड आपल्या चित्रकारांकडे द्या आणि त्यांना रोख मोबदला द्या, नुसती शाल-श्रीफळं नकोत. वर्षभर बुद्धविहारांत फिरवा, रात्री दहापर्यंत उघडं ठेवा. मांडवाची काळजी नको. जयंतीचा मांडव बांधणारी पोरं आहेत, बांबू-सुतळी त्यांच्याकडं पडूनच असते.