जर्मनचा गंज आणि ॲम्फोटेरिक

'ॲम्फोटेरिक' हा शब्द मी दहावीत घोकून पाठ केला होता. ॲल्युमिनियम आणि झिंक, उदाहरणे दोन, मार्क दोन. मिळाले पण! (मी कॉन्व्हेंटची, तेव्हा इथल्या ऱ्हस्व-दीर्घाकडे संपादकांनी कानाडोळा करावा.)

मागच्या सुट्टीत चामोर्शीला घरी गेले होते. आई बचत गटाच्या ट्रेनिंगला जाऊन आली होती, घरीच साबण करून बघायचा म्हणाली. कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवायला मोठं भांडं हवं होतं. मी काय दिलं? मार्कंड्याच्या जत्रेत घेतलेला जर्मनचा गंज. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, आमच्याकडे सगळे असंच म्हणतात.

"पाय तं, कसं फसफसून राह्यलं!" आई वाकून बघत होती. गंज काळा पडला, हात लावू नये इतका तापला. बाजूला चूल पेटलेली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात ते दोन मार्क आले! आईला मागे ओढलं, चूल विझवली. तरी तिच्या मनगटावर थेंब उडालेच. किती वेळ नळाखाली हात धरून बसलो होतो.

ॲल्युमिनियमवर ऑक्साईडचा पातळ थर असतो, तोच त्याला सांभाळतो. कॉस्टिक आधी तो थर खातं, मग उघडी पडलेली धातू पाण्याशी भिडते आणि हायड्रोजन सुटतो. एका ग्रॅमला सव्वा लिटरच्या वर! हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी तो पेट घेऊ शकतो. हाच गुण कारखान्यात कामाचा आहे. कार्ल बायरने १८८०च्या दशकात शोधलेली पद्धत म्हणजे बॉक्साईट गरम कॉस्टिकमध्ये घालायचं, ॲल्युमिना विरघळतो, लोखंडाचा लाल गाळ मागे राहतो. बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्यात हेच चालतं.

माझं म्हणणं एवढंच की हे ज्ञान चुकीच्या भाषेत अडकलंय. पुड्यावर इंग्रजीत 'कॉरोझिव्ह' छापलं होतं, तेही बारीक. ट्रेनिंगमध्ये सांगितलं, "स्वच्छ भांडं घ्या." गंज तर लख्ख होता! पुड्यावर मराठीत 'जर्मनच्या भांड्यात घालू नका' एवढी ओळ छापायला किती शाई लागते? 'ॲल्युमिनियम' लिहून पण अर्धंच काम होईल. आणि दोष फक्त पुड्याचा नाही. उत्तर येत असून गंज मीच उचलून दिला, कारण पेपरातलं ॲल्युमिनियम आणि चुलीवरचं जर्मन एकच, हे मला कधी जाणवलंच नाही.

निघायच्या आधी गटातल्या काकूंना एका पुठ्ठ्यावर लिहून दिलं: स्टीलचं पातेलं घ्या, सोडा पाण्यात टाका, सोड्यावर पाणी ओतू नका, आगीपासून लांब बसा. एका काकूंनी लगेच विचारलं, "जस्ताची बादली चालते का वो?" नाही काकू, जस्त पण त्यातलंच!