उपाशी राहणे म्हणजे आरोग्य नव्हे



'डाएटिंग' हा शब्द आता आपल्या टिटवाळ्यातही घरोघरी पोहोचला आहे. कोणी मोबाइलवर पाहून भात सोडतो, कोणी चपाती सोडते, तर कोणी नाश्ता न करताच कल्याणची लोकल गाठते. कारण एकच, बारीक व्हायचे! माझ्या मते, वाढत्या वयात असे जेवण तोडणे म्हणजे आपल्याच शरीराशी वैर करणे होय.

तुम्ही म्हणाल, "उपवास तर अनेक लोक करतात!" खरे आहे. अंगारकीला महागणपतीच्या दर्शनासाठी येथे भाविकांची रीघ लागते. त्यांचा उपवास चंद्रोदयानंतर सुटतो. आपला रोजा सूर्यास्ताला सुटतो आणि आजारी माणसाला त्यातून सवलतही आहे. म्हणजे दोन्हींना शेवट आहे. डाएटिंगच्या वेडाला मात्र शेवट नसतो. दोन किलो वजन घटले की आणखी दोन किलो घटवावेसे वाटते.

शरीराला पुरेसे अन्न मिळाले नाही तर काय होते? अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली एक प्रयोग झाला. ३६ निरोगी तरुणांना सहा महिने जवळजवळ निम्मेच अन्न, म्हणजे रोज सुमारे १६०० कॅलरी, देण्यात आले. त्यांचे वजन घटले, पण ताकदही गेली. नाडी मंद झाली, थंडी वाजू लागली, चिडचिड वाढली. कशातच मन लागेना. डोक्यात सतत जेवणाचेच विचार!

ते तर प्रौढ होते. तुमची हाडे अजून वाढत आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या प्रमाणानुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला रोज सुमारे २४०० आणि मुलाला सुमारे २८६० कॅलरी लागतात. त्या मिळाल्या नाहीत तर वाढ खुंटते, रक्त कमी होते, हाडे कमजोर राहतात आणि मुलींची मासिक पाळी बिघडते. मग अभ्यास कसा होणार?

महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत खूप गाजली. परंतु अठरा वर्षांखालील मुलांसाठी ती नाही, असे स्वतः त्यांनीच सांगितले आहे. म्हणून मोठ्यांचे पाहून तुम्ही जेवण सोडू नका.

वजन खरोखरच जास्त असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्या. वडे, वेफर्स, थंड पेये कमी करा. रोज तासभर मैदानावर खेळा. डाळ, भाकरी, भाजी, अंडी, मासळी मात्र पोटभर खा.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. वर्गातील कोणालाही 'जाडी' किंवा 'ढोल्या' म्हणून चिडवू नका. अशा टिंगलीमुळेच कितीतरी मुले ताटावरून अर्धपोटी उठतात. सोडायचेच असेल तर जेवण नव्हे, ही टिंगल सोडा!