दोन पोटांची गाडी

लॅटिन भाषेंत ‘हिब्रिडा’ असा एक शब्द आहे. माणसाळलेली डुकरीण आणि रानडुक्कर यांच्या पिलास तो लावीत असत. त्यावरूनच इंग्रजींतील ‘हायब्रिड’ शब्द निघाला, आणि आज तो चकचकीत अक्षरांत मोटारींच्या पाठीवर मिरवत आहे! शब्दांचे असे भाग्योदय आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. परंतु या शब्दानें सध्यां जो घोंटाळा माजविला आहे तो मात्र निस्तरला पाहिजे. कारण त्यांत सुशिक्षित गृहस्थांचे पंधरा-वीस लाख रुपये गुंतत आहेत.

मोटार घेण्याच्या विचारांत असलेला गृहस्थ ‘हायब्रिड घ्यावी कीं विजेची?’ असा प्रश्न टाकतो. कोणती हायब्रिड, असें उलट विचारलें म्हणजे तो बुचकळ्यांत पडतो. वस्तुतः या एका नांवाखालीं दोन निराळ्या जाती नांदत आहेत. अलंकारशास्त्राशीं ज्यांचा थोडाबहुत परिचय असेल त्यांस हा भेद तत्काळ कळेल. एकाच पद्यांत दोन अलंकार आले, व ते तीळ आणि तांदूळ यांच्याप्रमाणें वेगळे वेचतां आले, म्हणजे ती संसृष्टि. दूध आणि पाणी यांच्याप्रमाणें एकजीव झाले, म्हणजे तो संकर. आपल्या रस्त्यांवर टोयोटा व मारुती यांच्या ज्या हायब्रिड गाड्या दिसतात त्या शुद्ध संकर होत. त्यांतील लहानशा बॅटरीस बाहेरून वीज देतां येत नाहीं. एंजिनाकडून व ब्रेक लावतांना चाकांकडून जी शक्ति मिळते तीच तींत सांठते. म्हणजे त्या गाडीची सर्व वीज शेवटीं पेट्रोलांतूनच आलेली असते.

दुसरी जात प्लगची. ती खरी संसृष्टि. तिची बॅटरी बहुधा दहा ते वीस युनिटांची असते. ती भिंतींतील प्लगाला जोडून भरावयाची, आणि त्या विजेवर साधारणपणें पन्नास ते ऐशी किलोमीटर जावयाचें. पुढें पेट्रोलची टांकी आहेच. अशा रीतीनें या गाडीस दोन पोटें असतात, आणि कोणत्या पोटांत किती घालावयाचें हें सर्वस्वीं मालकाच्या हातीं असतें. आमच्या मतें या गाडीचा सर्व गुण आणि सर्व दोष एवढ्या एका वाक्यांत आला.

ही कल्पना कांहीं नवी नव्हे. फर्डिनंड पोर्शे यानें व्हिएन्नांतील लोनर यांच्या कारखान्यासाठीं १९०० सालीं पेट्रोल व वीज यांवर चालणारी गाडी रचली होती. तिचें नांव ‘सेम्पर व्हिव्हुस’, म्हणजे सदाजीवी! पुढें पेट्रोल स्वस्त झालें आणि ती विद्या मागें पडली. प्लगची हायब्रिड कारखान्यांतून मोठ्या संख्येनें काढण्याचा मान चीनच्या बीवायडी कंपनीकडे जातो. तें वर्ष २००८. दोन वर्षांनीं अमेरिकेंत शेव्हरोले व्होल्ट निघाली, आणि त्याच महिन्यांत निसान कंपनीची निव्वळ विजेची ‘लीफ’ बाजारांत आली. तेव्हांपासून हा वाद चालू आहे.

प्रथम प्लगच्या हायब्रिडची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती वाटते तितकी लंगडी नाहीं. बहुतेक माणसांचा रोजचा प्रवास तीस-चाळीस किलोमीटरांपलीकडे जात नाहीं. मग त्याकरितां साठ युनिटांची अवजड बॅटरी वर्षभर घेऊन फिरणें म्हणजे रोज दोघांचा स्वयंपाक करण्यास लग्नघरचें पातेलें चुलीवर ठेवणें होय. टोयोटा कंपनीनें २०२३ सालीं असा हिशेब मांडला होता, कीं लांब पल्ल्याच्या एका विजेच्या मोटारीच्या बॅटरीस जेवढें खनिज लागतें तेवढ्यांत प्लगच्या सहा, किंवा बिनप्लगच्या नव्वद हायब्रिड गाड्या होतात. हा युक्तिवाद कागदावर बिनतोड आहे. रोज रात्रीं गाडी प्लगाला लावावी, आठवडाभर पेट्रोलचा थेंबहि जाळूं नये, आणि काशीरामेश्वर करावयाचें तेव्हां टांकी भरून निश्चिंतपणें निघावें! आम्हीं स्वतः हें प्रथम वाचलें तेव्हां आम्हांस तें पटलें होतें.

परंतु कागद हा कागद, आणि रस्ता हा रस्ता. युरोपांत प्रत्येक नव्या मोटारीची आधीं प्रयोगशाळेंत परीक्षा होते. प्लगच्या गाडीची परीक्षा घेतांना तिचें किती अंतर विजेवर कापलें जाईल याविषयीं एक अंदाज धरावा लागे. विजेवर साठ किलोमीटर जाणारी गाडी आपल्या अंतरापैकीं चार-पंचमांशांहून अधिक भाग विजेवरच जाईल, असें गृहीत होतें. मालक शहाणा आहे, नियमित आहे व आळशी नाहीं, हें परीक्षकांनीं धरून चालावें, याहून अधिक उदार परीक्षक आमच्या तरी पाहण्यांत नाहींत!

२०२१ पासून तेथील नव्या गाड्यांत पेट्रोलच्या खर्चाची नोंद ठेवणारें यंत्र सक्तीचें झालें, आणि २०२४ च्या मार्चमध्यें युरोपियन कमिशननें त्या नोंदी प्रसिद्ध केल्या. साध्या पेट्रोल-डिझेलच्या गाड्या परीक्षेंतील आंकड्याहून सुमारें एक-पंचमांश अधिक धूर सोडतात असें दिसलें. तें अपेक्षितच होतें. पण प्लगच्या हायब्रिड गाड्यांचा आंकडा निघाला सरासरी साडेतीन पट. एवढी तफावत निघाल्यावर दोष विद्यार्थ्याचा कीं प्रश्नपत्रिकेचा, हा विचार करणें भाग पडतें. कमिशननें अगोदरच, म्हणजे २०२३ सालीं, तो उदार अंदाज २०२५ व २०२७ अशा दोन टप्प्यांत पुष्कळ खालीं आणण्याचें ठरविलें होतें.

असें कां व्हावें? दोन संशोधन-संस्थांनीं २०२२ सालीं केलेल्या पाहणींत याचें उत्तर आहे. खासगी मालक आपल्या अंतरापैकीं जवळ जवळ निम्में, म्हणजे शेंकडा ४५ ते ४९, विजेवर जातात. कंपनीनें नोकरास दिलेल्या गाड्या मात्र शेंकडा ११ ते १५ च! कारण उघड आहे. पेट्रोलचें कार्ड कंपनी देते, आणि घरच्या विजेचें बिल बहुधा आपल्या खिशांतून जातें. अशा स्थितींत कडाक्याच्या थंडींत अंगणांत जाऊन गाडीला तार जोडणारा नोकर साधुपुरुषच म्हटला पाहिजे. जर्मनींत २०१९ पासून अटींत बसणाऱ्या अशा गाडीची किंमत निम्मी धरून नोकराच्या उत्पन्नावर कर आकारूं लागले. तेव्हां लोकांनीं गाडी घेतली ती करासाठीं, प्लगासाठीं नव्हे. २०१८ सालीं इंग्लंडांत कंपन्यांच्या गाड्यांचा धांडोळा घेतला गेला, तेव्हां कांहीं गाड्यांच्या तारा मुदत संपून गाडी परत येईपर्यंत डिकींत वेष्टणासकट पडलेल्या आढळल्या. शेळीच्या गळ्याच्या स्तनांना आमच्याकडे ‘अजागलस्तन’ म्हणतात. दिसावयास आहेत, दूध नाहीं. त्याच वर्षीं इंग्लंडनें व २०२२ च्या अखेरीस जर्मनीनें या गाड्यांचें खरेदी-अनुदान बंद केलें, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं.

चाळीस वर्षें वर्गांत उभे राहिल्यावर एक गोष्ट आम्ही खात्रीनें सांगूं शकतों. मुलाजवळ गाईड असलें कीं मूळ पुस्तक उघडलें जात नाहीं. मुलगा वाईट असतो असें नव्हे. त्याची अडचण होत नाहीं, एवढेंच. विजेच्या मोटारीजवळ गाईड नाहीं. ती प्लगाला लावलीच पाहिजे, नाहीं तर उद्यां सकाळीं कचेरी चुकते.

येथें विजेच्या मोटारींचे कैवारी म्हणतील, आमची गाडी सत्यवचनी आहे. तसेंहि नाहीं. २०२० च्या जानेवारींत टाटांची विजेवरील नेक्सॉन पुण्याजवळच्या रांजणगांवांतून बाहेर पडली, तेव्हां तिच्या ३०.२ युनिटांच्या बॅटरीवर ३१२ किलोमीटर जातां येईल असें प्रमाणपत्र होतें; मालकांच्या हातीं ती दोनशेंच्या आसपास जाई. म्हणजे परीक्षेंतील गुण येथेंहि फुगलेलेच. पण भेद असा कीं, हें असत्य मालकास पहिल्याच आठवड्यांत कळतें, कारण गाडी त्यालाच रस्त्यांत थांबविते. प्लगच्या हायब्रिडचें असत्य पेट्रोल झांकून टाकतें. गाडी चालतच राहते, मालकास कांहीं उणें वाटत नाहीं, आणि धूर मात्र शेजाऱ्याच्या मुलांच्या छातींत जातो.

यंत्राचेंहि थोडें सांगितलें पाहिजे. दोन पोटें म्हणजे दोन वजनें. विजेवर जातांना एंजिनाचें ओझें वाहावयाचें, पेट्रोलवर जातांना बॅटरीचें. आणि तेल बदलणें, निकास-नळी वगैरे जुनी दगदग कायमच. शिवाय लहान बॅटरी लवकर लवकर भरावी लागते. वर्षास पंधरा हजार किलोमीटर विजेवर जावयाचे, तर साठ किलोमीटरांची बॅटरी अडीचशें वेळां भरावी लागेल, तीनशें किलोमीटरांची पन्नास वेळां. कित्येक नमुन्यांत थंडींत आंत ऊब हवी असली, किंवा चढावर पाय जोरानें दाबला, कीं बॅटरी भरलेली असतांहि एंजिन सुरू होतें. थंडींत विजेच्या मोटारीचाहि पल्ला घटतो, हें खरें. तरी २०२४ सालीं नॉर्वेसारख्या थंड देशांत विकलेल्या नव्या गाड्यांपैकीं शेंकडा ८८.९ निव्वळ विजेच्या होत्या.

आतां आपल्या घरचा विचार. प्लगच्या हायब्रिड आपल्या देशांत फार थोड्या आल्या, आणि त्या श्रीमंतांपुरत्या. तेव्हां पुण्यामुंबईच्या वाचकांपुढें वस्तुतः संकर कीं वीज एवढाच प्रश्न आहे. सप्टेंबर २०२५ पासून विजेच्या मोटारीवर जीएसटी शेंकडा पांच, आणि हायब्रिडवर आकाराप्रमाणें अठरा किंवा चाळीस. चालविण्याचा खर्च पाहावा, तर मध्यम विजेच्या मोटारीस शंभर किलोमीटरांस सुमारें पंधरा युनिटें लागतात. युनिटास दहा रुपये धरले तरी दीडशें रुपये झाले. तेवढ्यांत पेट्रोल दीड लिटरहि येत नाहीं. आपली बरीचशी वीज अजून कोळशावर होते हा आक्षेप रास्त आहे. परंतु विजेवर येणारी गाडी वीज शुद्ध होत जाईल तशी शुद्ध होत जाते, पेट्रोलची गाडी नाहीं.

तथापि आमच्या मतें पहिला प्रश्न गाडीचा नसून ती रात्रीं कोठें निजते हा आहे. स्वतःचें आवार आणि स्वतःचा मीटर असेल, तर विजेची मोटार निःशंक घ्यावी. ज्यांची गाडी रस्त्यावर उभी राहते, किंवा ज्यांच्या सोसायटींत एका प्लगासाठीं तीन सर्वसाधारण सभा होऊनहि ठराव झालेला नाहीं, त्यांनीं ठराव होईपर्यंत बिनप्लगची हायब्रिड घेतली तर तींत कमीपणा नाहीं. ती निदान जें सांगते त्याच्या जवळपास करिते. परदेशीं असलेल्या आमच्या एका विद्यार्थ्यास कंपनी दोहोंपैकीं एक देऊं करीत आहे. त्यास आम्हीं कळविलें आहे, कीं घरच्या विजेचे पैसे कंपनी देणार काय, हें आधीं लेखी विचार. ‘नाहीं’ असें उत्तर आलें, तर प्लगची हायब्रिड मुळींच घेऊं नको. तूं कितीहि नियमित असलास तरी जानेवारींतला बर्फ तुझ्याहून बलवान् आहे.

आणि तिकडे ज्यांना वापरलेली प्लगची हायब्रिड स्वस्तांत मिळत असेल, त्यांनीं एंजिनाचा आवाज ऐकण्यापूर्वीं डिकी उघडून तार पाहावी. वेष्टण जसेंच्या तसें असेल, तर बॅटरी वयानें जुनी पण फारशी न राबलेली, आणि एंजिन मात्र भरपूर राबलेलें, असें समजून किंमत करावी.